जुनी बंदूक, नवी कळ



ठासणीची बंदूक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कोकणात रानडुकरांपासून भात-नाचणी राखण्यासाठी शेती-संरक्षणाच्या परवान्यावर ती आजही काही घरांत आहे. तिला एक चाप असतो, एक घोडा असतो, आणि घोडा अर्धा चढवून ठेवण्यापुरती एक खाच असते. बंदूक नको तेव्हा उडू नये म्हणून यंत्रात केलेली तजवीज एवढीच. बाकीची सारी तजवीज माणसाच्या हातात आणि डोक्यात.

आज मी ज्या तक्रारीविषयी बोलणार आहे ती आपल्या गावातली नाही, अमेरिकेतली आहे. तिकडे गेल्या शतकातल्या, किंबहुना त्याच्याही मागच्या शतकातल्या बंदुका आणि पिस्तुले नव्याने घडवून विकतात. आकार तोच, वजन तेच, लाकडाचा दस्ताही तसाच. पण हौशी माणूस पैसे मोजून ती घरी आणतो आणि पाहतो, तर मूळ बंदुकीला कधीच नव्हते असे एक बटण किंवा एक कळ तिच्या अंगावर बसवलेली! तिकडे त्याला ‘सेफ्टी’ म्हणतात. आपण सुरक्षा-कळ म्हणू. ‘मला जुनी बंदूक हवी होती, ही कसली जुनी?’ असे म्हणून तो चिडतो. आता कोणी म्हणेल, सुरक्षिततेवर चिडण्यासारखे काय आहे? बंदुकीला एक कळ जास्त असली तर बरेच की! दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. ते कुठवर आहे, हे समजायला आधी बंदूक उडते कशी ते पाहिले पाहिजे.

काडतुसाच्या बुडाशी एक लहानशी टोपी असते. तिच्यावर टोला बसला की ती पेटते, तिच्यामुळे आतली दारू पेटते आणि गोळी सुटते. टोला मारणारा तो घोडा. घोडा मागे ओढून चढवायचा, तो खाचेत अडकतो. चाप ओढला की खाच सुटते आणि कमानीच्या जोराने घोडा पुढे आदळतो. म्हणजे बंदूक सुरक्षित ठेवायची तर प्रश्न एकच: चाप ओढलेला नसताना टोपीवर टोला बसू नये, हे कसे साधायचे?

जुन्या कारागिरांनी याचा विचार केला नव्हता असे नाही. अमेरिकेत सॅम्युएल कोल्ट यांच्या कारखान्याचे १८५१ चे ‘नेव्ही’ नावाचे सहाबारी पिस्तूल घ्या. यात फिरते चक्र असते आणि चक्राला सहा घरे असतात. प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासायची, मागून टोपी चढवायची. दोन घरांच्या मधे, चक्राच्या पाठीवर, कारागिराने बारीक खुंटी ठेवली होती आणि घोड्याच्या तोंडाला तिच्या मापाची खाच पाडली होती. घोडा त्या खुंटीवर टेकवला की तो कुठल्याच टोपीवर नसे आणि चक्रही फिरत नसे. सहाही घरे भरलेली, तरी पिस्तूल निर्धोक. त्यासाठी वेगळे बटण नाही की वेगळी कळ नाही. यंत्राचे जे अवयव होते त्यांतच ही सोय बसवलेली होती.

पुढे १८७३ साली पितळी काडतुसाचे नवे कोल्ट पिस्तूल निघाले. चित्रपटांतून घोडेस्वाराच्या कमरेला दिसते तेच हे. काडतुसांच्या बुडाच्या कडा एकमेकींजवळ आल्या आणि मधल्या खुंटीची सोय गेली. या पिस्तुलाच्या घोड्याला पुढे टोकदार चोच आहे. घोडा पूर्ण खाली असला की चोच सरळ काडतुसाच्या टोपीवर टेकते. पहिल्या पायरीवर एक सुरक्षा-खाच आहे खरी, पण तिची धार पातळ. पिस्तूल घोड्यावर पडले तर ती तुटू शकते, आणि मग जो टोला बसायचा तो बसतोच.

हे नुसते पुस्तकी भय नव्हते. वायट अर्प हे नाव अमेरिकेच्या सरहद्दीच्या इतिहासात गाजलेले आहे. हा गृहस्थ १८७६ साली कॅन्सास राज्यातल्या विचिटा गावी पोलिसात होता. त्या वर्षीच्या जानेवारीत तो एका दारूगुत्त्याच्या मागच्या खोलीत बसला असताना त्याचे पिस्तूल म्यानातून निसटले, घोडा खुर्चीवर आपटला आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली. गावच्या वर्तमानपत्राने ही हकिगत छापली होती. पिस्तूल वापरण्यात मुरलेल्या माणसाची ही गत, तर नवख्याची काय कथा!

म्हणून जाणत्या लोकांत एक रिवाज पडला. पिस्तूल सहाबारी असले तरी काडतुसे पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचा. हीच त्या काळची सुरक्षा-कळ. ती लोखंडाची नव्हती, सवयीची होती.

आता नकलांकडे येऊ. अमेरिकेतल्या यादवी युद्धाला १९६१ साली शंभर वर्षे व्हायची होती. त्या काळची शस्त्रे हाताळण्याची, चालवून पाहण्याची हौस लोकांत वाढली. मूळ शस्त्रे थोडी, महाग आणि जीर्ण. तेव्हा १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅल फॉर्जेट या अमेरिकन व्यापाऱ्याने इटलीतल्या कारागिरांकडून १८५१ च्या पिस्तुलाच्या नकला करवून घेतल्या. इटलीच्या उत्तरेस ब्रेशिया शहराजवळ गार्दोने व्हाल त्रोंपिया नावाचे गाव आहे. तिथे बंदुकीच्या नळ्या घडवण्याचा धंदा निदान पाच शतकांचा. तिथल्या बेरेट्टा घराण्याची नोंद १५२६ सालापासून सापडते. याच गावात आल्दो उबेर्ती यांनी १९५९ साली आपला कारखाना काढला आणि पुढे तो अशा नकलांसाठीच नावारूपाला आला.

दारू-गोळी ठासायच्या या पहिल्या नकलांबद्दल कुणाचीच कुरकुर नव्हती. खुंट्या होत्या त्या तशाच ठेवल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, बरं का! हौशी माणसाला सुरक्षिततेचा राग नाही. मुळात जी सुरक्षितता होती ती तो आनंदाने वापरतो. त्याची तक्रार आहे ती मागाहून चिकटवलेल्या वस्तूविषयी.

ती वस्तू आली कुठून? एक वाट कायद्याची. १९६८ साली अमेरिकेत बंदूक-नियंत्रणाचा मोठा कायदा झाला. परदेशातून येणारे पिस्तूल खेळाच्या किंवा शिकारीच्या उपयोगाचे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी सरकारने कसोट्या घातल्या. सहाबारीसाठी एक कसोटी अशी आहे, की घोडा टोपीपासून मागे राहील अशी सोय यंत्रात हवी. आणि ती सोय लावून पिस्तुलाच्या वजनाइतके वजन छत्तीस इंचांवरून घोड्याच्या शेपटीवर पाच वेळा टाकले, तरी ती टिकली पाहिजे. ठासणीच्या नकला या कायद्याने पुराणवस्तूंत धरल्या, म्हणून त्या सुटल्या. पण १८७३ च्या काडतुसी पिस्तुलाची नक्कल या कसोटीत सापडली. मूळ पिस्तूलच त्या कसोटीला उतरले नसते, मग हुबेहूब नक्कल कशी उतरणार? इटालियन कारागिरांनी तोड काढली. चक्र ज्या आसावर फिरते तो आस थोडा लांब केला आणि त्याला जादा खाच दिली. आस आत ढकलून अडकवला की त्याचे मागचे टोक घोड्याला पुरते खाली येऊ देत नाही. काहींनी घोड्यातच लहानसा अडसर बसवला.

यातली गंमत पाहा. कसोटी आहे ती परदेशी मालाला. खुद्द अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यात, कोल्ट कंपनीने १९५६ पासून तेच पिस्तूल पुन्हा बनवायला घेतले, त्याला असली जादा सोय नाही. म्हणजे मूळ घरच्या पिस्तुलाला माफी, आणि नकलेला जादा अडसर. हौशी माणसाच्या रागाचे पहिले कारण हे.

दुसरी वाट बंदुकांची. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतला फार मोठा शस्त्रशिल्पी. विंचेस्टर कंपनीच्या १८८६, १८९२ आणि १८९४ च्या बंदुका त्याच्या डोक्यातून निघाल्या. चापाभोवतीची कडी खाली-पुढे लोटायची, परत ओढायची; तेवढ्यात रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. या बंदुकीला घोडा बाहेर दिसतो. घोडा पूर्ण चढवला तर बार तयार, अर्धा चढवला तर बंदूक निर्धोक. पाहिल्याबरोबर कळते आणि अंधारात अंगठ्यालाही समजते. शंभर वर्षे लोकांनी ती अशीच वापरली.

१९९२ साली १८९४ च्या बंदुकीला आडवे बटण आले. लोक फार बोलले, तेव्हा २००३ साली ते काढून दस्त्याच्या मानेवर, अंगठा टेकतो तिथे सरकती कळ बसवली. २००६ साली न्यू हेवन गावचा तो जुना कारखानाच बंद झाला. आता त्या नावाच्या बंदुका जपानात, शिकोकू बेटावरच्या मिरोकू कारखान्यात बनतात. काम इतके सफाईदार, की जुन्या कारागिरांनीही वाखाणावे. पण १८८६, १८९२ आणि १८९४ या तिन्हींच्या मानेवर ती कळ आहेच. याच मिरोकूने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्राउनिंग कंपनीच्या नावाने १८९२ ची नक्कल केली होती, तिला मात्र ही कळ नव्हती! ब्राझीलमध्ये होणाऱ्या १८९२ च्या नकलेवर ती वरच्या बाजूला बसवलेली असते. मार्लिन कंपनीच्या अशाच बंदुकांना आडवे बटण १९८० च्या दशकात आले. बंदुकांना ती पिस्तुलाची कसोटी लागू नाही. इथे कारण मुख्यतः कोर्टकचेरीचे. अपघात झाला तर ‘तुम्ही सुरक्षा-कळ का नाही दिली?’ असे वकील विचारील, ही कारखानदारांची धास्ती, असे जाणकार सांगतात.

शिवाय आत एक बदल आहे, तो दिसत नाही. नव्या बंदुकांचा घोडा टोला मारून झाल्यावर कमानीने आपोआप किंचित मागे सरतो. कल्पना चांगली आहे. पण जी कमान पुढे मारते तिलाच मागेही ओढायचे असले, तर टोल्याचा जोर घटतो. टोपी जरा कठीण निघाली की घोडा पडतो आणि बार होत नाही, ही या बंदुकांविषयीची नेहमीची तक्रार आहे. बार न झालेली बंदूक तर अधिकच सांभाळायची असते; काडतूस उशिरा पेटू शकते, म्हणून नळी तशीच मोकळ्या दिशेला धरून थांबावे लागते.

आता या साऱ्या तक्रारींची नीट वर्गवारी करू.

पहिली तक्रार रूपाची. जुन्या वस्तूवर नवे बटण शोभत नाही. ही हौसेची गोष्ट, ज्याची त्याला. दुसरी तक्रार खरेपणाची. नक्कल कशासाठी करायची? जुना माणूस ती वस्तू कशी वापरत होता, त्याच्या हाताला काय लागत होते, कशाला भ्यावे लागत होते, हे आपल्याला कळावे म्हणून. पाच काडतुसे का भरीत, हे नव्या नकलेवरून मुलाला समजणार नाही. शिक्षकांना हे पटेल. इतिहासाच्या साधनात आपण गुपचूप बदल केला, तर ते साधन खोटे सांगू लागते.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर, आणि ती सुरक्षिततेचीच आहे. आडव्या बटणाची बंदूक घ्या. बटण ‘सुरक्षित’ बाजूला आहे, घोडा चढवलेला आहे. चाप ओढला, तर घोडा पडतो, ‘खट्’ आवाज होतो आणि बार होत नाही. शिकाऱ्याचे हरीण पळून जाते, म्हणून तो चिडतो. पण हरीण गेले ते मोठेसे काही नाही. हाताने काय धडा घेतला ते पाहा. चाप ओढला तरी चालते. आत कोणीतरी सांभाळून घेतो! हा धडा ज्या बोटाला लागला, ते बोट उद्या बटण नसलेल्या किंवा बटण उघडे राहिलेल्या बंदुकीच्या चापावर पडेल. त्या दिवशी काय होईल, हे सांगायला नको.

मग या कळा नकोतच का? नाही, असे म्हणता येणार नाही. तक्रार करणारे एक गोष्ट सहसा बोलत नाहीत. बार न करता ही जुनी बंदूक निर्धोक करायची, तर चढलेला घोडा अंगठ्याने धरायचा, चाप ओढायचा आणि घोडा हळूहळू खाली सोडायचा. नळीत जिवंत काडतूस. बाहेर थंडी, बोटे गारठलेली, घोडा दवाने ओला. अंगठा निसटला की बार. चढलेला घोडा सोडताना बटण लावून ठेवले, तर या घटकेला ते खरोखर उपयोगी पडते.

आणि आतली सुधारणा नीट केली, तर ती किती चांगली होते याचेही उदाहरण आहे. रूगर कंपनीने १९५३ पासून जुन्या कोल्टच्या धर्तीवर सहाबारी काढली होती. तिचेही अपघात झाले, दावे झाले. १९७३ साली त्यांनी आतली रचना बदलली. घोडा आता टोपीजवळच्या पिनेला शिवतच नाही. मधे एक पट्टी असते. चाप ओढून धरला तरच ती वर येते आणि घोड्याचा टोला पिनेपर्यंत पोचवते. बोट चापावर नाही, तर पट्टी खाली, आणि मग पिस्तूल आपटो की पडो, टोला पोचत नाही. माणसाने काही लावायचे नाही, काही लक्षात ठेवायचे नाही. आणि चापाचा अर्थही बदलत नाही: चाप ओढला की बार होणार. जुनी पिस्तुले परत पाठवली तर त्यांत ही पट्टी फुकट बसवून देण्याची सोयही कंपनीने १९८२ पासून केली. इटलीच्या अलीकडच्या काही नकलांतही घोड्याची चोच चाप ओढल्याशिवाय पुढे येत नाही. बाहेरून पाहिले तर पिस्तूल जुन्यासारखेच.

यावरून चांगल्या सुरक्षा-सोयीच्या तीन खुणा सांगता येतात. एक, ती आपोआप काम करते. आठवणीवर टांगलेली नसते. दोन, ती हाताला चुकीचा धडा देत नाही. तीन, ती यंत्राच्या मूळ चालीत बसते, वर ठिगळ लावल्यासारखी नसते. १८५१ ची खुंटी आणि १९७३ ची पट्टी या दोहोंना मिळून या खुणा लागू पडतात. आडव्या बटणाला क्वचितच.

जी सोय या कसोट्यांना उतरत नाही, तिचे काय होते? माणूस ती काढून टाकतो. मार्लिनच्या बटणाभोवती रबराची बारीक कडी घालून ते कायमचे उघडे ठेवणारे लोक आहेत. बटण काढून त्या जागी बूच बसवण्याचे सामान बाजारात मिळते. हे चांगले नाही. यंत्राची आतली घडण ठाऊक नसता असला उद्योग करणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि अपघात झाल्यास कायदाही पाठीशी राहत नाही. पण असे लोक का करतात, हे बनवणाऱ्यानेही स्वतःला विचारले पाहिजे.

आपल्या खळ्यावर हेच घडते. मळणी यंत्रात हात जाऊन माणसे लुळी झाली, तेव्हा १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पेंढी आत सरकवायची पन्हळ लांब आणि झाकलेली असावी, हा त्यातला मुद्दा अगदी रास्त. तरी कुठे कुठे काम उरकत नाही म्हणून झाकण उचकटून ठेवलेले दिसते. बंदुकीचे बटण आणि मळणीचे झाकण यांत फरक आहे. झाकण काढले तर हात जातो; तिथे झाकणाच्याच बाजूने उभे राहिले पाहिजे. पण झाकण असे बसवावे, की ते असताना काम सोपे व्हावे आणि काढावेसे वाटू नये. ही जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याची.

आणि वापरणाऱ्याची? अमेरिकेत जुन्या धर्तीच्या या बंदुका-पिस्तुलांच्या नेमबाजीचे सामने होतात. माणसे जुना पोशाख करून, जुनी टोपणनावे घेऊन येतात. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या त्यांच्या मोठ्या संघटनेचा एक नियम आहे. सहाबारीत पाचच काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा. नव्या पट्टीचे पिस्तूल असले, त्याची सहाही घरे भरून ते निर्धोक राहत असले, तरी नियम तोच. कारण उद्या हातात कुठले पिस्तूल येईल हे सांगता येत नाही. सवय मात्र तीच राहते.

शिक्षकांनी मुलांना संग्रहालयात जुनी शस्त्रे दाखवायला नेले, तर नळीची लांबी आणि दस्त्यावरची नक्षी दाखवून थांबू नये. घोड्यावर बोट ठेवून विचारावे, ‘ही नको तेव्हा उडू नये म्हणून कारागिराने काय केले आहे? आणि जे त्याने केले नाही, ते कोणी करायचे होते?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना शोधू द्यावे.